खालचं पाणी मालकाचं, वरची रिकामी जागा सगळ्यांची

पूर ओसरला की चिखल वाळायच्या आत एक वाद सुरू होतो आणि तो दर वेळी त्याच दोन वळणांनी जातो. एक बाजू म्हणते, सरकारच्या मोठ्या धरणांची वाट कशाला बघायची, वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी आपापल्या ओढ्यावर मातीची छोटी धरणं बांधावीत, थेंबे थेंबे तळे साचे, शंभर जणांनी बांधली की खालच्या गावात पाणी शिरणारच नाही. दुसरी बाजू लगेच अंगावर येते, की खाजगी माणसाने मातीचं धरण बांधायचं आणि ते फुटलं की खालच्यांनी वाहून जायचं, हा कुठला न्याय, सरळ बंदी घाला. मग मोठं विरुद्ध छोटं, सरकारी विरुद्ध खाजगी अशी जुगलबंदी दोन दिवस चालते आणि खरा प्रश्न कोणी विचारतच नाही, की ज्या रात्री तो पाऊस येईल त्या रात्री ते तळं रिकामं असणार आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोटी खाजगी मातीची धरणं पुराविरुद्ध कामाची आहेत, आणि ती बांधायला उत्तेजनही द्यावं, पण एका अटीवर. पूर अडवणारी जागा ही खालच्या लोकांनी मालकाकडून घेतलेली सेवा आहे असं मानून तिचे पैसे, तिची तपासणी आणि तिची जबाबदारी वाटून घ्यायला हवी. हे करायचं नसेल तर बंदीवाले बरोबर आहेत. मालकाच्या चांगुलपणावर पूरनियंत्रण उभं राहत नाही, आणि माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, तर पूर अडवायला जे लागतं ते मालकाला नको असतं म्हणून.

थोडा हिशोब करू, कारण या वादात हिशोब फार कमी होतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. समजा 10 चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे आणि एका रात्रीत 100 मिलिमीटर पडला, तर एकूण 10 लाख घनमीटर झालं, त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं तरी 5 लाख घनमीटर ओढ्याने खाली येणार. आता एक हेक्टर पसरलेलं आणि सरासरी दोन मीटर खोल असं तळं 20 हजार घनमीटर धरतं. म्हणजे सगळं पाणी अडवायला अशी 25 तळी लागतील. पण सगळं अडवायचं नसतंच, पुराचा फक्त माथा, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं तेवढा भाग, कापायचा असतो, तासा-दोन तासांसाठी पाणी थोपवून नंतर सावकाश सोडायचं असतं, त्यामुळे योग्य जागी आठ-दहा असली तरी खालच्या वस्तीत फरक पडू शकतो. इथवर धरणवाल्यांचं गणित ठीक आहे. पण हे सगळं रिकाम्या तळ्यांचं गणित आहे! तीच आठ-दहा तळी त्या संध्याकाळी सांड्यापर्यंत, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेपर्यंत, भरलेली असतील तर वरून आलेलं पाणी जवळपास जसंच्या तसं खाली जाणार. जवळपास म्हणतो, कारण भरलेलं तळंसुद्धा थोडी गती मारतं, सांड्यावरून पाणी जायला पातळी जरा वर चढावी लागते आणि तेवढं पाणी तात्पुरतं साठतं. पण ते किरकोळ.

आणि तळं भरलेलं असण्याचीच शक्यता जास्त असते. मोठे पूर बहुतेक वेळा ओल्या हंगामाच्या मध्यावर किंवा शेवटी येतात, जमीन आधीच प्यायलेली असते, आणि ज्याने स्वतःच्या खिशातून भराव टाकलाय तो माणूस पहिल्या पावसापासून पाणी साठवत आलेला असतो. का नाही साठवणार? त्याला सिंचन पाहिजे, गुरांना पाणी पाहिजे, मासे सोडायचे असतील. तळं रिकामं ठेवलं तर त्याचं नुकसान आणि फायदा मात्र पाच किलोमीटर खाली राहणाऱ्या अनोळखी लोकांचा. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस! तेव्हा "शेतकऱ्यांनी बांधावीत आणि आपोआप पूर थांबतील" यातला आपोआप हा शब्द मला मान्य नाही.

या गोष्टीचं सगळ्यात स्वच्छ उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मार्च 1913 मध्ये मायामी नदीला पूर आला, डेटन शहर बुडालं आणि त्या खोऱ्यात 360 हून जास्त माणसं गेली. त्यानंतर लोकांनी केंद्र सरकारची वाट न बघता स्वतःच्या मालमत्तांवर आकारणी बसवून पैसा उभा केला आणि आर्थर मॉर्गन या इंजिनिअरच्या देखरेखीखाली पाच मातीची धरणं बांधली, 1922 पर्यंत ती पुरी झाली. ही धरणं छोटी अजिबात नाहीत, पण त्यांची युक्ती बघा. तळाशी काँक्रीटची उघडी मोरी, तिला दरवाजाच नाही. रोजची नदी त्यातून निवांत वाहते, पूर आला की मोरीला जेवढं झेपतं तेवढंच खाली जातं आणि बाकीचं मागे साठतं, पाऊस थांबला की आपोआप रिकामं. कोणी रात्री उठून चाक फिरवायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही. मागची जमीन विकत घेऊन, तिच्यावर पुराचं पाणी साठवायचा हक्क राखून, बरीचशी परत शेतकऱ्यांना विकली आणि ते तिथे शेती करत राहिले. आणि इथे पाणी साठवणं किंवा वीज काढणं खालच्या शहरांना धोक्याचं ठरेल, असा इशारा धरणांवरच कोरून ठेवलाय. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं तेच वाटतं, म्हणजे बांधणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की पन्नास वर्षांनी कोणीतरी येणार आणि म्हणणार की एवढी जागा उगाच रिकामी पडलीय, भरून टाकू.

छोट्या धरणांनाही हीच युक्ती लागू पडते, फक्त थोडी तडजोड करून. पाइपचं तोंड तळाशी न ठेवता मधल्या उंचीवर ठेवायचं. त्याच्या खालचं पाणी मालकाचं, त्याने ते वापरावं. त्याच्या वर सांड्यापर्यंतची जागा मात्र कायम रिकामी, कारण पाइप उघडाच आहे, पाणी तिथे टिकूच शकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने 1948 मध्ये ओक्लाहोमातल्या क्लाउड क्रीकवर असं पहिलं धरण झालं आणि 1944 व 1954 च्या कायद्यांखाली तशी सुमारे 11,800 धरणं बांधली गेली. बहुतेक खाजगी जमिनीवर, पण देखभालीची जबाबदारी लेखी करार करून स्थानिक संस्थांकडे. आयोवातल्या सोप क्रीकच्या खोऱ्यात तर शेतकऱ्यांच्याच पुढाकाराने 132 तळी झाली. म्हणजे हे काही स्वप्नरंजन नाही. पाइपच्या मापात मात्र खरी कसरत आहे, बारीक ठेवला तर तळं रिकामं व्हायला आठवडा लागतो आणि तेवढ्यात दुसरा पाऊस आला की तो भरलेल्या तळ्यावर पडतो, मोठा ठेवला तर पुराचा माथाच निसटून जातो, त्यामुळे प्रत्येक जागेचं माप वेगळं निघतं आणि शेजाऱ्याचं बघून पाइप टाकणं चुकीचं ठरतं.

आता विरोधकांचा पहिला मोठा मुद्दा, आणि तो खरा आहे. छोटी धरणं मोठ्या नदीचा पूर थांबवत नाहीत. अमेरिकेत 1950 च्या आसपास यावरून जोरदार भांडण झालं होतं, एका खात्याला नदीवर मोठी धरणं हवी होती, दुसऱ्याला ओढ्यांवर छोटी, आणि दोघांच्याही बाजूने लोक वाट्टेल ते दावे करत होते. 1954 मध्ये ल्युना लिओपोल्ड आणि थॉमस मॅडॉक या दोन जलतज्ज्ञांनी ते शांतपणे सोडवून दाखवलं, की वरची छोटी धरणं वरच्याच भागातल्या शेतांना आणि वस्त्यांना वाचवतात, जसजसं खाली जाल तसतसा त्यांचा परिणाम विरत जातो, आणि खालच्या मोठ्या शहरासाठी ती मोठ्या धरणाची जागा घेऊ शकत नाहीत. वरचंच गणित पुढे न्या, 1000 चौरस किलोमीटरच्या खोऱ्याला तशी 2500 तळी लागतील. शिवाय वेळेची गंमत वेगळीच. एका ओढ्याचा माथा तुम्ही तीन तास उशिरा पाठवलात आणि नेमका तो मुख्य नदीच्या माथ्यावर जाऊन बसला, तर खाली पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. हे सगळं मान्य.

पण यातून "म्हणून छोटी धरणं निरुपयोगी" हे कसं निघतं? मोठ्या नदीकाठची शहरं बुडतात तेव्हा कॅमेरे तिथे जातात, पण ओढ्याकाठची चाळीस घरं, एक पूल आणि शंभर एकर पीक दर दोन-तीन वर्षांनी बुडतं त्याचं काय? त्यांच्यासाठी कोणीही मोठं धरण बांधणार नाहीये, कधीच. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या पिकरिंग गावाचं उदाहरण याच मापाचं आहे. वरच्या जंगलात ओढ्यात लाकडाचे आडवे बांध घातले आणि 1,20,000 घनमीटर पाणी तात्पुरतं धरणारी मातीची पाळ बांधली, 2015 मध्ये काम पुरं झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अखेरीस आलेल्या पुरात गावाजवळचा माथा 15 ते 20 टक्क्यांनी कमी झाला असा अंदाज निघाला. ऐकायला आकडा छोटा, पण पाणी उंबऱ्याच्या चार बोटं खाली राहिलं काय आणि चार बोटं वर आलं काय, घरातल्या माणसाला तो फरक छोटा नसतो. ज्या मापाचा रोग त्या मापाचं औषध. छोट्या धरणवाल्यांनी मोठ्या नदीच्या गप्पा मारणं बंद केलं तर त्यांची बाजू उलट मजबूत होईल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, आणि तो मी कमी करून सांगणार नाही. खाजगी मातीची धरणं फुटतात आणि माणसं मरतात. 31 मे 1889 ला पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण फुटलं, खालच्या जॉन्सटाउनमध्ये 2,209 माणसं गेली. धरण एका श्रीमंतांच्या फिशिंग क्लबच्या मालकीचं होतं. आधीच्या मालकाने तळातले पाइप काढून विकले होते, म्हणजे पातळी खाली आणायचा मार्गच उरला नव्हता, क्लबने बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा छाटून खाली केला आणि मासे पळू नयेत म्हणून सांड्यात जाळ्या लावल्या, त्यात त्या दिवशी काडीकचरा अडकला. मासे राहावेत म्हणून सांड्यात जाळी! त्यानंतर जग शहाणं झालं असं समजू नका. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर जॉर्जियातलं केली बार्न्स धरण फुटलं, 39 मेले. 2006 मध्ये हवाईत ‘का लोको’ नावाचं धरण फुटलं, 7 मेले, सांडवा बुजवला गेला असावा असा चौकशीचा निष्कर्ष होता. मे 2018 मध्ये केनियात सोलाई इथे एका खाजगी शेतावरचं पटेल धरण फुटलं, 40 हून जास्त गेले.

आणि एक एकटं फुटणं वेगळं, माळ तुटणं वेगळं. 1925 च्या नोव्हेंबरमध्ये वेल्समधल्या डोलगॅरोगला वरचं आयगाउ धरण फुटलं, त्याचं पाणी खालच्या कोएटी या मातीच्या धरणावरून गेलं, तेही वाहून गेलं, 16 माणसं मेली आणि त्यातूनच ब्रिटनमध्ये 1930 चा जलाशय सुरक्षेचा कायदा आला. ऑक्टोबर 2015 मध्ये साउथ कॅरोलिनात एका पावसाळी आठवड्यात सुमारे 50 धरणं फुटली, बरीचशी छोटी, खाजगी, मातीची. इथे धरणवाल्यांचं आवडतं लॉजिक उलटं फिरतं. ते म्हणतात एक मोठं धरण फुटलं तर सगळं संपतं, शंभर छोट्यांतलं एक फुटलं तर काय बिघडतं, धोका वाटला जातो. पण धोका तेव्हाच वाटला जातो जेव्हा ती वेगवेगळ्या वेळी फुटतात. एकाच ओढ्यावरची दहा धरणं एकाच ढगाखाली असतात, एकाच मापाच्या पावसासाठी बांधलेली असतात, वरचं गेलं की त्याचं पाणी मधल्यावर येतं. पूर अडवायला बांधलेली माळच मग पूर तयार करते.

तर मग बंदी? इथे मी थांबतो आणि विचारतो, की वरच्या प्रत्येक घटनेत नेमकं काय बिघडलं? खाजगी मालकी हे उत्तर फार सोपं आहे आणि ते टिकत नाही, कारण ऑगस्ट 1975 मध्ये चीनमध्ये बानछियाओसकट 62 धरणं एका वादळात गेली ती सरकारीच होती, आणि तिथे जास्त दरवाजे ठेवा म्हणणाऱ्या चेन शिंग या जलतज्ज्ञाचं कोणी ऐकलं नव्हतं. बिघडलं ते प्रत्येक ठिकाणी असं काहीतरी, जे वेळेवर बघितलं असतं तर दिसलं असतं. मातीचं धरण हे प्राणी पाळण्यासारखं काम आहे, बांधून विसरलात की मेलं. पाणी धरणाच्या माथ्यावरून गेलं की भराव तासाभरात कापला जातो, म्हणून सांडवा पुरेसा रुंद हवा आणि तो भरावावर नाही तर बाजूच्या न उकरलेल्या मूळ जमिनीत हवा. पाइपच्या कडेने पाणी बारीक वाट काढतं आणि आतून माती नेत राहतं, बाहेरून सगळं हिरवंगार दिसतं, म्हणून पाइपभोवती वाळूचा फिल्टर लागतो. पूर्वी पाइपला काँक्रीटच्या कॉलर, म्हणजे भोवती रुंद कडी, घालायचे, त्या कॉलरच्या कुशीत माती नीट दाबली जात नाही हे लक्षात आल्यावर 1980 च्या दशकात ती पद्धत मागे पडली. काही चिकणमाती तर पाण्यात विरघळल्यासारखी होते, ओक्लाहोमा आणि मिसिसिपीत चांगली दाबून बांधलेली धरणं पहिल्याच भरण्यात का फुटतात याचं कोडं 1970 च्या सुमारास या मातीमुळे सुटलं. ढेकूळ ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टाकून बघायचं, भोवती गढूळ ढग पसरला तर तसल्या मातीवर भरवसा ठेवायचा नाही. या तपासणीला किती खर्च येतो? ग्लास घरातच असतो. उंदीर-घुशींची बिळं, पाळीवर उगवलेलं झाड, उतारावर एकाच जागी कायम ओल, हे ओळखायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, पण कोणीतरी दर वर्षी पाळीवरून चालत जायला लागतं. तो कोणीतरी कोण, हे आज बहुतेक ठिकाणी कागदावर नाही.

कायदेवाले म्हणतील जबाबदारी तर ठरलेली आहे. ठरली आहेच, 1868 पासून. इंग्लंडमध्ये रायलँड्स नावाच्या गिरणीवाल्याने बांधलेल्या तळ्याचं पाणी जुन्या बुजलेल्या खाणींमधून फ्लेचरच्या खाणीत शिरलं आणि कोर्टाने निकाल दिला, की जो स्वतःच्या जमिनीवर धोक्याची गोष्ट आणून साठवतो त्याने ती सुटली तर भरून द्यायचं, चूक असो वा नसो. तत्त्व उत्तम. पण फुटलेल्या धरणाच्या मालकाकडे भरून द्यायला असतं काय? जॉन्सटाउनच्या क्लबकडून तर कोर्टात काहीच वसूल झालं नाही. आणि दुसरीकडून बघा, ज्याने खालच्या लोकांच्या सोयीसाठी वरची जागा रिकामी ठेवली त्यालाच सगळ्या जोखमीसकट एकटं सोडायचं, तर शहाणा माणूस बांधेल कशाला? म्हणून मी म्हणतो की करार हवा, करारात विमा हवा, आणि विम्याचा हप्ता ज्यांची घरं कोरडी राहतात त्यांच्या वाट्याला हवा.

तपासणीचंही तारतम्य पाहिजे हे कबूल. गुडघाभर उंचीच्या बांधाला परवाना आणि तीन शिक्के मागितले तर ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल, लोक गुपचूप बांधतील आणि मग यादीतही येणार नाहीत. पण नुसत्या आकारावर रेषा मारणं हा त्याहून मोठा मूर्खपणा आहे. इंग्लंडमध्ये 1975 च्या कायद्याने 25,000 घनमीटरची रेषा ठेवली, वेल्सने पुढे ती 10,000 वर आणली. मिझुरीत 35 फुटांच्या खालची धरणं राज्याच्या नियमातच बसत नाहीत. पाण्याला ही रेषा माहीत नसते. अरुंद ओढ्यात, खाली लगेच घरं असतील तर छोटं धरणसुद्धा घात करतं आणि ओसाड माळावरचं त्याच्या दुप्पट धरण फुटून एक कुंपण जातं. रेषा मारायची तर खाली काय आहे त्यावर मारा. आणि ती दर काही वर्षांनी परत तपासा, कारण धरण हलत नाही पण घरं सरकत येतात. अमेरिकेतल्या त्या 11,800 धरणांपैकी कित्येक नुसती शेतं वाचवायला बांधली होती, नंतर त्यांच्या आडोशाने खाली वस्त्या झाल्या, आणि धरणाचं डिझाइन तेच राहिलं. पूर येत नाही म्हणून लोक आले, आणि लोक आले म्हणून धरण धोकादायक झालं. याचा दोष मालकाला द्यायचा?

एक गोष्ट मात्र धरणवाल्यांच्या कुठल्याच प्रस्तावात मला सापडत नाही. त्या अमेरिकन धरणांचं आयुष्य बहुधा 50 वर्षं धरलं होतं. ती संपत आली तेव्हा दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला, 2000 मध्ये. तोवर तळात गाळ बसलेला, लोखंडी पाइप गंजलेले, मूळ मालक वारलेला, जमीन तिघांत वाटलेली आणि तिघांपैकी एकालाही ते तळं नको. अशा वेळी धरण नीट मोडावं लागतं, म्हणजे कोरड्या दिवसांत पाणी उतरवून, गाळाची सोय लावून, भरावाला तळापर्यंत रुंद खाच पाडून, दोन्ही कडा उतरत्या करून. तेही खर्चाचं काम आहे. तो खर्च बांधण्याच्या दिवशीच बाजूला काढून ठेवला नाही तर ती पाळ तशीच उभी राहते, झाडं वाढतात, आणि पुढच्या पुरानंतर आपण परत याच दोन वळणांनी भांडायला बसतो.